तीनशे अकरा ढीग

ऑर्विल पॅस्कोने कर्जरोख्यांच्या विरोधात मत दिलं होतं. मतदान गुप्त असतं हे खरं, पण बर्निसच्या दुकानातल्या मतपेटीत मतपत्रिकेचं पाकीट टाकताना तो इतक्या मोठ्याने बोलला की आतल्या खोलीत टपाल लावत बसलेल्या बर्निसलाही ते ऐकू गेलं.

"कर्ज काढून झुडपं छाटायची! व्याज फेडणार माझा पणतू, आणि तोवर झुडपं परत छातीएवढी!"

"तुला पणतू कुठंय?" बर्निसने आतून विचारलं.

"म्हणून तर मी बोलतोय. तो बिचारा स्वतः येऊन बोलू शकत नाही."

त्याची बायको लेनोरा हिने त्याच कर्जरोख्यांच्या बाजूने मत दिलं. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात तेवढा चालायचा, आणि बोलण्यातले चार शब्द शिल्लक होते. हो, नाही, घर, आणि एक शिवी. ही शिवी लग्नाआधी तिला येत नव्हती असं ऑर्विल अभिमानाने सांगायचा. तर पॅस्कोंच्या घरातली दोन मतं एकमेकांना खाऊन मोकळी झाली, आणि ज्यांनी आमचं टॉलिव्हर रिज नकाशावरही पाहिलेलं नाही अशा लाखो लोकांनी सरकारला कर्ज काढायची परवानगी दिली. राज्यातल्या जंगलांची निगा राखायची, वणवे रोखायचे, असं मतपत्रिकेवर छापलं होतं. याला विरोध कोण करणार? आमच्या गावातले एकशे तीन लोक सोडून.

टॉलिव्हर रिज म्हणजे डोंगराची लांब सोंड. सोंडेच्या टोकाला आम्ही, आणि आमच्यापासून खाली हमरस्त्यापर्यंत जाणारा एकच रस्ता, सॉमिल रोड, चार मैलांचा. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मॅन्झनिटा माजलेला होता. लाल खोडाचं, तेलकट पानांचं हे झुडूप दिसायला देखणं असतं, पण एकदा पेटलं की डांबराच्या पिंपासारखं पेटतं. त्यात अधूनमधून दुष्काळाने आणि भुंग्यांनी मारलेले पाइन उभे. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने फांद्यांत शिरायचं, असा रिवाज. कोणी शिरायचं यावरून गावात दोन घराणी अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

मतदानानंतरच्या ऑगस्टमध्ये दरीपलीकडच्या डोंगराला आग लागली आणि आम्हाला गाव सोडायचा हुकूम आला. ऑर्विलने पिकअपच्या हौद्यात गादी टाकली, गादीवर लेनोरा, लेनोरावर ओलं घोंगडं. खाली एका माणसाची घोडे वाहून नेणारी गाडी रस्त्यात आडवी अडकली. चार मैल जायला अडीच तास लागले. दोन्ही बाजूंच्या फांद्या घोंगड्यावर घासत होत्या आणि आकाशातून राख पडत होती. वारा फिरला म्हणून आग आमच्याकडे आली नाही. सरकारी पत्रकात त्याला 'यशस्वी स्थलांतर' म्हटलं होतं.

पॅस्कोंची मुलगी रुथॅन डोंगराच्या पलीकडे रीनोला एका इस्पितळात नर्स आहे. आम्ही गावात परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती येऊन उभी राहिली. मी तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात होतो. मी शेजारी, आणि बर्निसने पाठवलेल्या पास्ट्या, म्हणजे आमच्याकडच्या मांस-बटाट्याच्या करंज्या, पोचवायला गेलो होतो.

"डॅड, बास झालं," रुथॅन म्हणाली. "मॉमला मी घेऊन जाते. इस्पितळाशेजारी चांगलं शुश्रूषागृह आहे. तळमजला आहे."

"घर," लेनोरा पलंगावरून म्हणाली. तिचा पलंग खिडकीशी होता आणि खिडकीत ऑर्विलने न तोडलेला एकमेव मोठा पाइन होता. एक्केचाळीस वर्षं त्याने झाडं तोडण्याचं काम केलं. ते एक झाड तिने तोडू दिलं नाही.

"ऐकलंस?" ऑर्विल म्हणाला.

"ऐकलं. आणि मी हेही ऐकलं की तुम्ही तिला मालासारखं हौद्यात घालून अडीच तास..."

"रस्ता साफ असता तर वीस मिनिटं लागली असती."

"मग करा साफ! तीस वर्षं ऐकतेय मी, रस्ता साफ करायचाय, रस्ता साफ करायचाय. पुढच्या एक जूनपर्यंत करा. झाला तर मी तोंड उघडणार नाही. नाही झाला तर मॉम माझ्याकडे. आणि मग साफ झाल्याशिवाय तिला या रस्त्यावर परत आणायचं नाही. कबूल?"

ऑर्विलने हात पुढे केला. बापलेकींनी हात मिळवला. आमच्याकडे लाकूडतोडे कागद करत नाहीत, हात मिळवतात. आणि हात मिळवून शब्द फिरवलेला माणूस बर्निसच्या दुकानात कॉफी प्यायला बसू शकत नाही. तशी बंदी कोणी घालत नाही. फक्त त्याच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी राहते.

आता रस्ता साफ करायचा तर पैसे लागणार आणि पैसे कर्जरोख्यांतच होते. गावाचं एक आगसुरक्षा मंडळ होतं. मी त्याचा सेक्रेटरी. माझ्याकडे प्रिंटर होता म्हणून.

ऑर्विल माझ्याकडे आला, टोपी हातात घेऊन. "हॉलिस, ते कर्जाचे पैसे. त्यातले आपल्याला मिळतील का?"

"तू विरोधात मत दिलं होतंस ना?"

"तेव्हा ते दुसऱ्यांना मिळणार होते."

अर्ज चौसष्ट पानांचा होता. राजधानीतल्या ज्या खात्याकडे तो पाठवायचा, त्याचं नाव दर तीन वर्षांनी बदलतं, त्यामुळे पहिल्या पानावर मी दोनदा चुकलो. पण बाराव्या पानावर मला एक वाक्य सापडलं, आणि या गोष्टीत पुढे जे काही झालं ते त्या वाक्यामुळे आणि माझ्यामुळे झालं. 'काम सुरू करण्यास सज्ज असलेल्या प्रकल्पांना प्राधान्य दिले जाईल.'

मी मंडळाच्या बैठकीत ते मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, "सज्ज म्हणजे काय? खात्याची बाई डिसेंबरात पाहणीला येणार. तिच्यासमोर आपण हातावर हात ठेवून बसलेले दिसलो तर ती म्हणेल, आळशी आहेत. आपण छाटणी आधीच उरकू. मग जाळायचं तेवढं काम राहील आणि त्याला पैसे मिळतील. अर्धं आपण केलं म्हटल्यावर ते नाही कसं म्हणतील?"

पाहुणा यायच्या आधी अंगण झाडून ठेवायचं, हे आमच्या रक्तातच आहे. कोणालाही यात काही चूक दिसली नाही. बर्निस तर म्हणाली, "पहिल्यांदा तू काहीतरी अक्कलेचं बोललास." माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं कौतुक.

ऑक्टोबरात पहिला पाऊस पडून गेल्यावर आम्ही सुरुवात केली. दर शनिवारी बावीस माणसं. सरासरी वय एकोणसत्तर, आणि तेही बर्निसची भाची चोवीसची असल्यामुळे खाली आलेलं. रस्त्याच्या कडेची जमीन एका लाकूड कंपनीची. कंपनीने पत्र दिलं, छाटा हवं तेवढं, पण आग लावायची तर परवाना आणि विमा असलेल्या ठेकेदारानेच लावायची. आम्ही म्हटलं, छान, त्याचेच तर पैसे मिळणार आहेत. नऊ शनिवार करवती चालल्या. दुपारी पिकअपच्या हौद्यात पास्ट्या, मक्याचा पाव, राजम्याचं तिखट कालवण. हाराल्ड नावाच्या आमच्या एका गड्याची कवळी छाटलेल्या पाल्यात हरवली ती शेवटपर्यंत सापडली नाही.

आणि ढीग! छाटलेल्या फांद्यांचा ढीग कसा रचायचा हे ऑर्विलने सगळ्यांना शिकवलं. जाड लाकूड खाली, काड्या मध्ये, हवा खेळायला पोट मोकळं, आणि वर डांबरी कागदाची टोपी. त्यामुळे बाहेर बर्फ पडला तरी आतलं कोरडं राहतं आणि एका काडीत पेटतं. वाकडा ढीग दिसला की तो पायाने पाडायचा.

"ऑर्विल, जाळायचाच आहे ना शेवटी?" हाराल्ड बिनदातांनी कुरकुरायचा.

"माणसाला पुरायचंच असतं शेवटी. म्हणून काय पोत्यात भरून नेतात?"

तीनशे अकरा ढीग झाले. शेवटच्या शनिवारी ऑर्विलने लेनोराला पिकअपमध्ये पुढच्या सीटवर उशा लावून बसवलं आणि मला मागे घेतलं. चार मैल आम्ही सावकाश खाली गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्यावरून दरी दिसली. टोप्या घातलेले ढीग दोन्ही बाजूंना ओळीने उभे. लेनोरा काचेला नाक लावून प्रत्येक ढिगाला म्हणत होती, "हो. हो. हो." मध्येच ऑर्विलने डोळे पुसले आणि काचेवर धूळ फार आहे असं सांगितलं. धूळ काचेच्या बाहेरच्या बाजूला होती.

डिसेंबरात खात्याच्या मिस योलांडा इबारा आल्या. चाळिशीच्या, हसऱ्या, पायात खरंच चिखल लागलेले बूट. आम्हाला लगेच आवडल्या. आम्ही त्यांना अर्धा रस्ता चालवत नेलं. पहिल्या ढिगापाशी त्या म्हणाल्या, "वा!" विसाव्या ढिगापाशी गप्प झाल्या. चाळिसाव्या ढिगापाशी त्यांनी आपली फाइल उघडली.

"हॉलिस, हे सगळं तुम्ही केलंत?"

"आम्हीच. फुकट," मी म्हणालो. छाती काढून.

"कधी?"

"ऑक्टोबर-नोव्हेंबर."

"करारावर सही व्हायच्या आधी," त्या हळूच म्हणाल्या. "कर्जरोख्यांच्या नियमात, सहीच्या आधी झालेलं काम झालेलं नसतं."

ऑर्विलने एका ढिगावर हात ठेवला. "हा झालेला नाही?"

"कागदावर नाही."

"मग मी कशावर हात ठेवलाय?"

"मिस्टर पॅस्को, मला दिसतोय तो. पण तुमच्या अर्जात लिहिलंय छाटणी. आता छाटायला काही उरलंच नाही. राहिलं जाळणं. जाळणं हे वेगळं काम. त्याची पर्यावरण-तपासणी वेगळी. अर्ज बदलावा लागेल." मग त्या आमच्या चेहऱ्यांकडे बघून घाईने म्हणाल्या, "पण काम इतकं सुंदर झालंय! मी शिफारस करते. फेब्रुवारीपर्यंत कळवते. तोवर कृपा करून याला हात लावू नका. यातलं काही जळालं तर प्रकल्पच उरणार नाही, मग पैसे कशाला द्यायचे?"

जाताना त्यांनी तीन पास्ट्या खाल्ल्या. माणूस वाईट नव्हता. या साऱ्या प्रकरणात वाईट माणूस मला शेवटपर्यंत भेटला नाही. भेटला असता तर फार बरं वाटलं असतं.

जानेवारीच्या सोळा तारखेला सकाळी ऑर्विलने माझं दार वाजवलं. बाहेर दीड फूट बर्फ, वारा शून्य, धूर सरळ वर जाईल असं आकाश. हवा खात्याने तो दिवस जाळण्याचा म्हणून जाहीर केला होता. ऑर्विलच्या हातात तेल ठिबकवणारी जुनी मशाल.

"चल."

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे. दहा जण पुरेत. आज पेटवले तर उद्या दुपारी राख. याच्यापेक्षा चांगला दिवस मी एक्केचाळीस वर्षांत दहा वेळा पाहिला असेल."

त्याचं खरं होतं. त्या दिवशी ते ढीग लहान मुलानेही जाळले असते. मी म्हणालो, "ऑर्विल, कंपनीचं पत्र आहे. ठेकेदार लागतो. आणि आपण जाळले तर पैसे जातील. पुढे रस्त्याची देखभाल, मेलेले पाइन काढणं, सगळं त्याच अर्जात आहे. तीन आठवडे थांब. फक्त तीन."

"जून यायला साडेचार महिने आहेत, हॉलिस."

"म्हणजे भरपूर आहेत."

तो उंबऱ्यातच खाली बसला. मग मशालीतलं तेल त्याने परत डब्यात ओतलं, एक थेंब न सांडता, आणि म्हणाला, "तू वाचलंयस. तुला कळत असेल."

फेब्रुवारीत खरोखरच पत्र आलं. आमची निवड झाली होती. बर्निसने दुकानात केक कापला आणि ऑर्विलने आपलं मत चुकलं असं सर्वांसमोर कबूल केलं, म्हणजे "ठीक आहे, ठीक आहे" असं म्हणाला. मार्चमध्ये ट्रकने एक वस्तू आली. आम्हाला वाटलं ठेकेदाराचं सामान. तो फलक होता. सहा फूट लांब, चार फूट रुंद, निळा-हिरवा: 'जनतेच्या कर्जरोख्यांतून या जंगलाचे पुनरुज्जीवन होत आहे.' कर्जरोख्यांच्या पैशातून जे काही होतं तिथे हा लावावाच लागतो, आणि काम सुरू व्हायच्या आधी लावावा लागतो. खांबासाठी खड्डा खणायला आम्ही पहिल्या आणि दुसऱ्या ढिगाच्या मधली जागा निवडली. ऑर्विलने लेनोराला फलकाचा फोटो दाखवला. तिने चौथा शब्द वापरला.

एप्रिलमध्ये तपासणीला जीवशास्त्रज्ञ आला. डॅशिल नाव, पोरगेलासा, कानात डूल, पाठीवर टेपरेकॉर्डर. त्याने सहा रात्री घुबडांचे आवाज काढत जंगलात काढल्या आणि दिवसा एकेका ढिगाची टोपी उचलून पाहिली. मग दुकानात येऊन बसला. तो खुशीत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"तुमचे ढीग फार उत्कृष्ट रचलेत हो," तो ऑर्विलला म्हणाला.

"पोट मोकळं ठेवायचं असतं," ऑर्विल म्हणाला.

"तेच! आत कोरडं, उबदार, वर छप्पर. एकशे नव्वद ढिगांत रानउंदरांनी घरं केलीत. इतकी दाट वस्ती मी कुठं पाहिली नाही. आणि उंदरांच्या मागे घुबडं आलीत. दुर्मीळ जातीचं जोडपं. एकोणीस नंबरच्या ढिगापासून दीडशे यार्डांवर घरटं आहे. पंचवीस वर्षांत या डोंगरावर पहिल्यांदा!"

"वा," बर्निस म्हणाली. कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

"मग जाळायचं कधी?" मी विचारलं.

"पिल्लं उडेपर्यंत नाही. ऑगस्टअखेर. धूर नाही, करवत नाही, यंत्र नाही."

"सप्टेंबरात इथे काडी ओढली तर तुरुंगात घालतात," ऑर्विल म्हणाला.

"मग पाऊस पडल्यावर."

"एक जून आहे माझा," ऑर्विल म्हणाला. डॅशिलला त्याचा अर्थ कळला नाही. त्याने विचारलं, "वाढदिवस?"

त्या दिवशी संध्याकाळी ऑर्विल मला घेऊन एकोणीस नंबरपाशी गेला. त्याने टोपी उचलली. आत उंदराने काड्यांचा गोल महाल बांधला होता आणि महालात चोरून आणलेला संसार मांडला होता. या उंदरांना चकाकणाऱ्या वस्तूंचा शौक असतो. बर्निसचे दोन चमचे, बाटलीची झाकणं, करवतीची कानस, आणि मधोमध, दिवाणखान्यातल्या मूर्तीसारखी, हाराल्डची कवळी.

मला हसू आवरेना. ऑर्विलही हसला. मग त्याने टोपी होती तशी नीट बसवली, कडा दाबल्या, आणि म्हणाला, "घर आहे बाबा त्याचं. त्याला कोण काढणार."

रुथॅन एक जूनला सकाळी दहाला आली. आधी ऑर्विलने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, की काम झालंय, फक्त जाळायचं राहिलंय, पैसेही मंजूर आहेत. मुदत मात्र त्याने मागितली नव्हती. ती गाडीतून उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता.

"डॅड, हे काय करून ठेवलंय?"

"छाटलंय. सगळं. चार मैल."

"हिरवं होतं ते! निदान ओलं होतं. आता दोन्ही बाजूंना सुकलेली लाकडं रचून ठेवलीत तुम्ही. लाल झालीत पानं. वीस पावलांवर एक, वर डांबरी कागद घालून! त्याच्यामधून येताना मी श्वास रोखून आले. एक सिगरेट, एक ठिणगी..." तिने स्वयंपाकघरातून लेनोराच्या पलंगाकडे पाहिलं. "तुम्ही चूल रचलीय, डॅड. आणि मॉम चुलीच्या आत आहे."

मी बोलायला हवं होतं. "चूक माझी आहे, रुथॅन," मी म्हणालो. "छाटायचं मी सुचवलं. जानेवारीत जाळू दिलं नाही, तेही मीच."

"मग तुम्ही घेऊन चला तिला हातांवर, जेव्हा लागेल तेव्हा," ती म्हणाली, आणि लगेच, "सॉरी, हॉलिसकाका."

ऑर्विलने तिला एकदाच विचारलं. "पहिल्या पावसापर्यंत?"

"मध्ये पूर्ण उन्हाळा आहे, डॅड."

एक्केचाळीस वर्षं जंगलात काढलेला माणूस. ती जे म्हणत होती ते त्याला एप्रिलपासून कळत होतं. तो उठला आणि लेनोराची पेटी त्याने स्वतः भरली. स्वेटर, औषधं, खिडकीतल्या झाडाचं एक शंकूसारखं फळ, हातभर लांबीचं.

"घर," लेनोरा म्हणाली. मग "नाही." मग पुन्हा "घर." रुथॅन तिच्या पायाशी बसून रडत होती आणि तिच्या पायात मोजे चढवत होती. ऑर्विल म्हणाला, "हात मिळवलाय ग मी. काय करू?" लेनोराने त्याच्याकडे पाहिलं. चौथा शब्द मला अपेक्षित होता. ती तोही बोलली नाही.

ऑर्विलही तिच्यासोबत गेला. मी फलकापर्यंत मागे गाडी नेली. त्यांची गाडी ढिगांच्या ओळीतून खाली उतरत गेली आणि वळणावर, लेनोराला डोंगर शेवटचा बघू द्यावा म्हणून असेल, रुथॅनने गाडी थोडी थांबवली. कोणी उतरलं नाही. मग ती दिसेनाशी झाली.

घुबडांची दोन पिल्लं जुलैत उडाली. डॅशिलने फोटो पाठवला. ऑर्विल दर मंगळवारी फोन करायचा आणि पहिला प्रश्न तोच विचारायचा, "पिल्लं कशी आहेत?" मग सांगायचा की रीनोच्या त्या खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो, आणि लेनोरा तिकडे पाठ करून झोपते. त्या उन्हाळ्यात आमच्या डोंगराला आग लागली नाही. एकदाही नाही. तिला न्यायची गरजच नव्हती हे आम्हाला कळलं, आणि हे कोणी त्यांना फोनवर सांगितलं नाही.

ऑगस्टच्या एकोणीसला लेनोरा गेली. शेवटचा शब्द कोणता ते मी विचारलं नाही. चारच होते.

"तिला केव्हा आणतोयस?" मी ऑर्विलला विचारलं. आमच्या चर्चमागे पॅस्कोंच्या चार पिढ्या आहेत.

"राख आहे आता. फ्रिजवर ठेवलीय डब्यात."

"तेच म्हणतोय. घेऊन ये."

"रस्ता साफ झाला?"

"ऑर्विल, आता तिला काय होणारे?"

"साफ झाल्याशिवाय लेनोराला त्या रस्त्यावर आणायचं नाही, असं ठरलंय."

"रुथॅन काय म्हणते?"

"ती म्हणते, डॅड, सोडा ते, मी रागात बोलले होते. पण हात तिने एकटीने नव्हता मिळवला." त्याच्या मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. "तू कागद बघ, हॉलिस. तुला वाचता येतं."

मी कागद बघतो आहे. सप्टेंबर कोरडा गेला. ऑक्टोबरात पाऊस झाला, हवा खात्याने जाळण्याचे चार दिवस जाहीर केले, आणि चारही दिवस ठेकेदार जास्त गुण असलेल्या दुसऱ्या प्रकल्पावर होता. नोव्हेंबरात ढिगांच्या टोप्या वाऱ्याने फाटल्या आणि आतलं लाकूड भिजलं. ऑर्विल इथे असता तर नवा डांबरी कागद घेऊन निघाला असता.

डिसेंबरात मिस इबारांचा फोन आला. त्यांचा आवाज दमलेला होता. "हॉलिस, वार्षिक अहवालात लाभार्थी रहिवाशांचा आकडा लागतो. गेल्या वर्षी तुम्ही दोनशे चौदा दिलात. एकशे पंचाहत्तरच्या खाली गेलात तर प्रकल्प खालच्या वर्गात जातो. म्हणजे जवळजवळ जातोच. तुमच्याकडचे बरेच लोक सोडून गेलेत असं ऐकलं."

विमा कंपन्यांनी घरांचे विमे रद्द केल्याची पत्रं पाठवली होती. हाराल्डही बहिणीकडे गेला होता, कवळीशिवाय. मी बर्निससोबत घरोघरची माणसं मोजली. एकशे त्र्याहत्तर भरले. मी रहिवासी या शब्दाची व्याख्या पाहिली, पान एकोणपन्नास: ज्याचे घर प्रकल्पक्षेत्रात आहे आणि ज्याचा तेथे परतण्याचा इरादा आहे.

मी ऑर्विलचं नाव लिहिलं. एकशे चौऱ्याहत्तर.

"बघू नकोस माझ्याकडे," बर्निस म्हणाली. "लिही. तिच्याइतका इरादा गावात कोणाचा होता?"

मी लेनोराचं नाव लिहिलं आणि अहवाल पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी तो परत आला. वर पिवळी चिठ्ठी होती. नाव, वय, पत्ता, सगळं बरोबर आहे असं लिहिलं होतं. फक्त रहिवासी क्रमांक एकशे पंचाहत्तर यांच्यापुढे परतण्याच्या अंदाजे तारखेचा रकाना रिकामा राहिला आहे, तो भरून पाठवावा, त्याशिवाय ढीग जाळण्याच्या परवानगीचा विचार करता येणार नाही.

आज मंगळवार आहे. ऑर्विलचा फोन येईल.